टोपी

पंखा तीनवर. डिसेंबर असूनही तीनवर,
ठाकूरद्वारला थंडी येते ती कॅलेंडरात.
मी एका झब्ब्याची बाही उसवत होतो
तेवढ्यात फोन थरथरला, कात्रीशेजारी.

पडद्यावर हर्षाली. तिच्यामागे भिंतभर टोप्या,
चपट्या, पुढे चोच काढलेल्या,
वळचणीला अंग चोरून बसलेल्या पारव्यांसारख्या.
"बाबा, इथं गॉलवेत सगळे म्हातारे हीच घालतात.
तुम्हाला एक घेतेय. नाही म्हणायचं नाही.
रंग सांगा."

रंग!
एक होता कुळथाच्या पिठल्याचा,
एक विहिरीच्या आतल्या बाजूचा,
एक राखाडी, पण मेंढीने चिखल, आभाळ
आणि कुठल्याशा झुडपाचं जांभळं फूल
तिन्ही अंगाला घासून घेतलं असावं असा.
म्हटलं, ती. जवळ धर.

ट्वीड मी ओळखतो.
ग्रँट रोडच्या फिरोजशांच्या कोटाला दोनदा अस्तर लावलंय.
वाफेची इस्त्री फिरवली की त्यातून ओलं मेंढरू जागं व्हायचं
आणि रफीक नाक धरून फुटपाथवर जाऊन उभा राहायचा.

"उलटी कर. अस्तर दाखव.
शिवणीवर काट्याला काटा मिळतो का बघ."
ती वीणच तशी, मासा खाऊन ताटात उरावा तशी;
मधल्या फाकेवर एक काटा चुकला होता.
"दुसरी."
दुकानदार म्हातारा हसला.
दुसरी काढली, भाकरी परतावी तशी
दोन्ही तळव्यांवर परतली. त्याला कळलं
पलीकडे कोण बसलंय ते.

किंमत सांगून म्हणाली, "गुणाकार नका करू."
मी केला.
आठ पँटी, आणि वर एकीची उंची कमी करणं.

मग ती टोपी मांडणीवर ठेवायला वळली तेव्हा दिसलं,
केस ओले. कान गुंजेसारखे लाल.
रात्रपाळी करून, न झोपता आलेली,
गळ्यात इस्पितळाचं कार्ड तसंच.
"तू घालत नाहीस काही डोक्याला?"
"मला कशाला? बस स्टॉप जवळच आहे."
जवळच आहे. हे वाक्य आमच्या घरात कुंदाचं,
भुलेश्वरहून दोन पिशव्या घेऊन
भर उन्हात चालत येते आणि दारात म्हणते.

"डोक्याचं माप सांगा, बाबा."
टेप गळ्यातच होती, चाळीस वर्षं गळ्यातच आहे.
पहिले चार आकडे बोटांनी पुसून गेलेत,
मी पाचापासून धरतो आणि शेवटी वजा करतो.
भुवयांच्या वर, कानांच्या वर, मागच्या उंचवट्यावरून,
चौसष्ट उणे पाच, एकोणसाठ.
नववीत आरएसपीची टोपी शिवली होती तिला.
साडेपंचावन्न,
वेण्यांसाठी अर्धा सैल.

"छप्पन्न," म्हणालो.

"एवढंसं? नक्की?"
"जन्मभर मापंच घेतोय."
म्हाताऱ्याने एकदा माझ्या कपाळाकडे पाहिलं,
एकदा तिच्याकडे,
आणि छप्पन्नची काढून दिली. बोलला काही नाही.

"जूनमध्ये येताना घेऊन येते."
"तोवर ठेवून देऊ नकोस. लोकर घडीत मरते.
रोज घाल, साच्यात बसव, मग आण."
लोकर घडीत मरत नाही.
कसर लागते, ते वेगळं.

फोन ठेवला. रफीक इस्त्री उभी करून बघत होता.
"मास्टर, तुमचं डोकं छप्पन्न?"
"कसलं. लेकीला टोपी घातली," म्हटलं,
आणि बाही जिथवर उसवून झाली होती
तिथून पुढे.