बेडकीचा पाला

जांबोटीहून वस्तीच्या बसनं येते बाळव्वा,
खडेबाजारात पोतं पसरते:
जांभळाच्या बिया, गुळवेल, बेडकीचा पाला.

"चावा," म्हणाली, "आता खडीसाखर घ्या."
अप्पांच्या जिभेवर नुसती वाळू.
साठ वर्षांची गोडी एका पानानं पुसली
आणि अप्पा पोरासारखे हसत सुटले.

तीन महिने पाला.
वडगावात माग चालूच, खटक खटक.
मग एका लुगड्याचा काठ
बोटभर सरकला.
गिऱ्हाइकाआधी मला दिसला.
मी बोलले नाही.
त्या रात्री अप्पांनी दिव्याला शिव्या दिल्या.

बाळव्वानं पाल्याचे पैसे घेतले नाहीत.
"जिभेला फसवतंय हे. रक्ताला समजावतं म्हणे थोडं.
डोळ्याचं मला ठाऊक नाही.
कण्ण तोरिसव्वा, डोळा दाखव त्यांचा."

डॉक्टरांच्या पडद्यावर अप्पांचा डोळा,
तांबूस, ताटाएवढा.
"काय दिसतंय गं?"
सुटलेले धागे, अप्पा. मधेच लाल गाठी.

ते गप्प. मग मागावर बसल्यासारखे म्हणाले,
"आत्ताच बांधून घ्यायला सांग.
चार बोटं पुढं विणलं
की सगळंच उसवावं लागतं."

येताना पाल्याची जुडी घेतलीच.