मापाडीण

शंभर फुटी रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर
मी जनावरांची चित्रं करते.
पाटीवर लिहिलंय : फोटो द्या, तैलचित्र न्या.
तेल वगैरे काही नसतं. एक काचेची पाटी, एक लेखणी,
आणि हाताला वास न लागणारे रंग.

विश्रामबागेतल्या बाईंना त्यांचा पग
जरीच्या अंगरख्यात हवा असतो.
मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांना पोपट, मागे हिमालय.
"अ‍ॅप आठ सेकंदांत करतं हो," म्हणतात पैसे देताना.
करतं.
मिशा मात्र एका बाजूला सात काढतं, दुसऱ्या बाजूला विसरतं.

तायाप्पा ऐवळे आला तो भर सौद्याच्या वेळी.
चपला खाली काढल्या होत्या,
तरी जिन्यावर पिवळी पावलं उमटली.
मोबाईलची काच तडकलेली, फोटो हळदीच्या ढिगाचा :
राजापुरी, नवा माल,
दिवाणजींनी राजकोटच्या पार्टीला पाठवलेला.
"यात मांजर कुठंय?"
त्यानं दोन बोटांनी कोपरा ताणला.
वजनकाट्याच्या कडेला अर्धी मांजर,
शेपूट चौकटीबाहेर.

नाव मापाडीण.
काट्यावरच बसायची.
पहिलं पोतं टाकायच्या आधी तिला उचलायचं,
मग आकडा शून्यावर यायचा.
"दोन किलो आठशे," तो म्हणाला.
जरा थांबून, "शेवटी शेवटी दोन किलो शंभर."
सहा हमालांनी पन्नास-पन्नास काढले होते.
ते मोजताना मला शिंक आली.

सवयीनं मी आधी रंग दुरुस्त केला.
एक कळ दाबली, आणि हळदीखालून
गोरीपान कुणीतरी निघाली.
तायाप्पानं बराच वेळ बघितलं.
"ही कुणाची?"

मग सांगितलं, महापुराच्या साली
वखारीच्या पत्र्यावरून तिला उतरवली,
ओलीचिंब, पांढरीफेक,
तेव्हाही कुणी ओळखली नव्हती.
सिदूनं तर हाड हाड केलं होतं.
परत आपली व्हायला तिला आठवडा लागला.

तेव्हा मी पिवळा परत आणला, थरावर थर :
पाठीवर फिका, पोटाखाली दाट,
पंजांच्या फटीत जवळजवळ नारिंगी.
ढिगातलाच रंग उचलून कानामागे लावला.
राहिलं शेपूट.
तायाप्पानं पोटरीपाशी हात नेला, हवेत वळवला :
"आसं. टोकाला गाठ. दारात चिमटलेली."
त्याचा हात थांबला तिथं मी रेघ थांबवली.

डोळ्यांवर चार रात्री गेल्या.
फोटोत होते नुसते दोन राखी ठिपके.
मी त्यात हिरवा घातला, मग मधाचा एक थेंब,
मग वखारीचं अर्धं उघडं दार,
दारातून ट्रकची मागची फळी, तिच्यावरचं ऊन.
पगाला मी इतके चांगले डोळे दिले नव्हते.
खरं सांगायचं तर कुणालाच नाही.

शनिवारी चौकट घेऊन जायला आला.
हात सदऱ्याला पुसला, दोनदा.
शेपटीवर बोट ठेवलं, "हे बरूबर."
पंजांवर, "हेबी."
डोळ्यांपाशी येऊन बोट तसंच राहिलं.
"म्याडम, डोळं कसं हुतं ते काय म्हाईत न्हाई.
मानंवर पोतं आसलं की
खालचं तेवढंच दिसतंय."

मी गप्प बसले.
तो कागदात चौकट गुंडाळत होता, सुतळी दातानं तोडत होता.
काट्याच्या वर खिळा मारलाय म्हणाला,
शेठच्या गणपतीशेजारी.

"वर नको," मी म्हटलं. "खाली लावा."

आधी त्याला कळलं नाही.
मग तो तिथंच वाकला, ओझं असल्यासारखा,
मान तिरपी करून माझ्या भिंतीकडे बघितलं,
आणि फरशीपासून वर मोजत गेला :
दोन विती,
चार बोटं.