ट्रेसर

बाई ऑफिस बंद करतायत.
धंतोलीतल्या दोन खोल्या, एक कूलर,
आणि एकतीस वर्षांच्या नकाशांच्या नळ्या.
मी एकेक उघडून नाव वाचतो,
त्या "ठेवा" म्हणतात, नाहीतर "द्या."
ट्रेसिंग पेपर पिवळा पडलाय.
कडांवर उंदरांनी
आपापल्या प्लॉटची हद्द कुरतडून घेतलीय.

मी ढोमणे. ट्रेसर.
काम माझं शाई भरायचं,
आणि चूक झालीच तर अर्ध्या ब्लेडनं
हलकं खरवडून वर नख फिरवायचं,
म्हणजे नवी रेघ फुटत नाही.
बाईंच्या कागदावर खरवडायला फार नसायचं.
बाप त्यांचा पाचपावलीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा,
धागा तुटला तर दिवा न लावता सापडायचा त्याला.
बोटं तिकडूनच आली असावीत.

ही नळी?
वर्धा रोड. सात मजले.
मालकाला पश्चिमेची अख्खी बाजू काचेची हवी होती.
बाई नाही म्हणाल्या. पुन्हा नाही म्हणाल्या.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा
या खोल्यांचं भाडं तीन महिने थकलं होतं.

पेपरात फोटो आला, पेढे आले.
आणि पुढच्या उन्हाळ्यात दुपारी चारला
गेटवरचा बिसेन खुर्ची सरकवत सरकवत
पार पलीकडच्या कडुनिंबापर्यंत गेला.
काचेचं ऊन त्याच्या मागे मागे.

मग बाई कॉलेजात शिकवायला लागल्या.
दरवर्षी एप्रिल संपता संपता, पंचेचाळीस डिग्रीला,
तिसऱ्या वर्षाची पोरं घेऊन तिथे.
कुणीतरी विचारायचंच,
मॅडम, आर्किटेक्ट कोण हिचा?
"मी. हात लावा काचेला."
पोरं हात झटकायची.
"आता वहीत काढा. बिसेनची खुर्ची पण काढा,
दहाला कुठे, बाराला कुठे, चारला कुठे.
अंदाजे नको, टेप लावा."
बिसेन पाण्याचा जग घेऊन उभा.
बाई आल्या म्हणजे पोरांच्या परीक्षा जवळ आल्या,
एवढं त्याला ठाऊक.

शनिवारच्या कामाची नळी नाही.
ते कागदावर कधी झालंच नाही.
नाल्यापलीकडे बारा बाय वीसचे तुकडे,
नकाशा उलटा धरून माणसं मान डोलवायची.
दोन शनिवार बाईंनी ते पाहिलं,
तिसऱ्या शनिवारी चुन्याची गोणी मागवली.
जमिनीवरच घर आखलं, खऱ्या मापाचं.
"राहून पाहा."
कुणी खाट आणली, कुणी माठाची तिवई.
फुलवंताबाई चुन्याच्या दारातून आत शिरली,
वर चौकट नव्हती तरी वाकून.
बसली. इकडंतिकडं पाहिलं.
"बाई, इथं चूल काऊन?
धूर पोराच्या डोयात जाते नं."
बाईंनी चपलेनं रेघ पुसली.
एवढंच.
मी खिशातल्या ब्लेडवर हात ठेवून उभा.

छत्तीस घरं उभी राहिली.
रस्ता रुंद झाला तेव्हा त्यातली पाच गेली,
फुलवंताबाईचं राहिलं.
फी म्हणून कुरड्यांचा डबा यायचा,
तो डबा अजून आहे,
त्यात सेटस्क्वेअर आहेत.

"वर्धा रोडचं काय करू? द्यायचं?"
बाई चष्मा पुसतात.
"ठेवा. माझ्या जागी जी नवी मुलगी आलीय ना,
तिला लागेल."

मी कागद पुन्हा गुंडाळतो.
खाली उजव्या कोपऱ्यात चौकट,
वर बाईंचं नाव, ठळक,
त्याखाली बारीक अक्षरात: काढणार, वा. ढोमणे.
इतक्या वर्षांत इतकी पोरं त्या काचेपाशी उभी राहिली,
मी बसमधून उतरलो नाही कधी.
पश्चिमेच्या त्या चारशे रेघा
माझ्या हातच्या. एकही फुटलेली नाही.

यंदा जाईन म्हणतो.
जग मी धरीन.