झीज

चेक भाषेत पीश्त्यला म्हणजे पावा.
आणि ही दीड वितीची नळी,
जिच्या तोंडून पाचसहाशे वर्षांपूर्वी
शिसं, धूर आणि धर्म बाहेर पडायचा,
तिलाही पीश्त्यलाच म्हणतात.
नळी फुंकली सोनारे,
इकडून तिकडे गेली माणसं.

बोहुमिला दोन्ही नळ्या शेजारी निजवते
जुन्या फ्लॅनेलवर, जुळ्यांसारख्या.
जुळी नाहीत.
पहिली काशाची, ओतीव, अष्टकोनी;
तोंडाशी जाड कडं,
कान वरच्या अंगाला, भोवती रंजकेपुरती वाटी.
ही सोपी. हिचे भाऊबंद कॅटलॉगात आहेत.

दुसरी लोखंडाची.
पत्रा वळवून तापवून जोडलेला, सांधा पोटाखालून
घाईत घातलेल्या टाक्यासारखा वाकडा.
कडं नाही, आकडा नाही, लोहाराची खूण नाही.
कान उजवीकडे कललेला –
म्हणजे जरा अलीकडची?
की लोहाराचा हात चळला?
तोंडाचा व्यास एकोणीस मिलिमीटर.
पुन्हा मोजला: वीस.

ओल्द्रिख सांगतो, आजोबांना मिळाली,
कार्पसाठी तळं उपसलं तेव्हा, चिखलात.
आजीनं घासूनपुसून घेतली.
बूड सपाट, वजन हाताजोगं,
खसखस कुटायला बरी.
साठ नाताळ कुटली.
बोहुमिला वहीत लिहिते:
बुडाला आरशासारखी झीज, युद्धानंतरची.

कानात काळे कण होते.
तिनं श्वास रोखून सुईनं काढले, भिंगाखाली धरले.
दारू नव्हे. खसखसच,
त्यांच्याकडची, निळी-काळी.

मग क्ष-किरणांत पाहिलं.
आत, तळापासून चार बोटांवर, एक बोळा
आणि बोळ्यावर गोळी,
शिशाची, पांढरी, गोल,
बोलावणं न आलेल्या पाहुण्यासारखी बसलेली.
कुणीतरी नळी ठासली होती
आणि बत्ती दिली नव्हती.
वात भिजली? पाय घसरला? की समोर कुणी
ओळखीचं निघालं?
तळं काही सांगत नाही.

ओल्द्रिख पडद्याकडे बघत राहिला.
"कुटताना तोंड वर असायचं," म्हणाला,
"अगदी तिच्या हनुवटीखाली.
आणि ती गात असायची, बेसूर."
थोड्या वेळानं,
"डिसेंबरपर्यंत परत मिळेल का?"

बोहुमिला चिठ्ठी लिहायला बसते.
लोखंड, घडीव. साल लिहिते, खोडते,
पुढे प्रश्नचिन्ह काढते.
वजनाच्या रकान्यापाशी पेन थांबतं:
गोळीसकट, की गोळीशिवाय?