नाकागत

लक्ष्मीपुरीत मुजावरांच्या दुकानात
काचेखाली शेजारी शेजारी दोन कॅमेरे,
दोन्ही जुने, दोन्ही खिशात मावतील एवढे,
किंमत जवळपास सारखीच.
"ह्याचं भिंग निघतंय. ह्याचं न्हाई,"
चष्मा कपाळावर चढवत मुजावर म्हणाले.
"न्हाई म्हंजे न्हाईच. नाकागत हाय ते.
पडसं झालं म्हणून बदलता येत न्हाई."

मी नाकाचा घेतला.
निघणाऱ्या भिंगांचा घरी होताच एक,
थोरल्या भावाचा, रणधीरचा.
तीन भिंगं, प्रत्येकाला आईनं शिवलेली
ब्लाउजपिसाची पिशवी:
जांभळी जवळचं बघायला,
मोरपंखी लांबचं,
आणि एक लिंबू रंगाची, ती कशासाठी
ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही.

खासबागेत कुस्ती लागली की
पिशव्या गळ्यात अडकवून जायचा.
हलगी कडाडतेय, माती उधळतेय,
खालचा पैलवान वर येतोय न येतोय,
आणि हा मांडीवर भिंग बदलत बसलेला.
मान वर करेपर्यंत
जिंकलेला लोकांच्या खांद्यावरून निघून गेलेला,
हरलेला एकटाच कोपर झाडत उभा.
हरलेल्यांचे फोटो
रणधीरइतके कुणाकडेच नसतील.

अशाच एका संध्याकाळी, उघड्या तोंडातून,
मातीचा कण आत गेला.
तेव्हापासून प्रत्येक फोटोत
उजवीकडे वर एक ठिपका.
माझ्या लग्नात आहे, रंकाळ्यावर आहे,
आत्याच्या पंच्याहत्तरीला तिच्या कपाळाशेजारी,
टिकली घसरल्यासारखा.
भिंग कुठलंही लावा, ठिपका तोच.

माझ्या कॅमेऱ्याला लांबचं जवळ आणता येत नाही.
गंगावेशीत पहाटे साडेपाचला
म्हशी बांधलेल्या, तालमीतली पोरं
पेल्यात धार घेऊन उभी,
मी रस्त्याच्या पलीकडून.
चौकटीत नुसता रस्ता, एक मोटारसायकल,
आणि कडेला मुठीएवढी म्हैस.
"लांबनं काय चोरायलीस?"
धार न थांबवता गवळी म्हणाला.
"म्होरं ये. ती मारकी न्हाई. मी बी न्हाई."
गेले. आणखी गेले.
शेपटी गालाला लागली तेव्हा कुठं
चौकटीत नीट बसलं: सड, अंगठा, फेस.
आणि वाफेनं भिंग पांढरं झालं.
पुसायला ओढणी धरली
तर त्यानं पेलाच हातात दिला.
फोटो राहिला.
गवळ्याचं नाव तातोबा, म्हशीचं बिजली.
रणधीरच्या एकाही पैलवानाचं नाव
आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

म्हणून माझाच बरा, असंही नव्हे.
पंचगंगा गल्लीत शिरली तेव्हा
पाय असून काय उपयोग होता?
समोरच्या गच्चीवर कोण हात हलवतंय
ते मोरपंखी पिशवीतल्या भिंगानंच सांगितलं:
सावंतांची धाकटी सून,
कडेवर कोंबडी.
तिच्याही डोक्यावर, पावसाच्या आभाळात,
तो ठिपका.

रणधीर आता सांगलीत गाड्यांचे विमे उतरवतो,
फोटो फोनवरच काढतो.
परवा म्हणाला, माझा तो साफ करून आण,
गिऱ्हाईक मिळालं तर देऊन टाकू.
मुजावरांनी भिंग फिरवून काढलं,
बॅटरी मारली, वाकून बघितलं.
"सापडलं. तांबडं हाय. आखाड्याचं काय?"
मी मान हलवली.
रबरी फुंकणी त्यांच्या हातात तयार,
अंगठा दाबायच्या बेतात.
बाहेर कुणीतरी हातगाडीला वाट मागत होतं.
"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मग कॅमेऱ्याकडे,
भिंग परत बसवलं, कट्ट् वाजेपर्यंत फिरवलं.
"बरं. मग शंभरच द्या.
उघडून बघितल्याचे."