बिनसाखरेवाला

विट्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी अजून लागली नाही.
पहाटेचे पाच वीस. पलीकडं रात्रपाळीचे माग खडखडतायत.
तुझ्या आईनं बॅगेच्या चेनलासुद्धा कुंकू लावलंय.
चार महिने इस्तंबूल,
सोन्याचा कस सांगणारं यंत्र शिकायला.
आम्ही तो कस डोळ्यांनी लावायचो, हर्षदा,
आणि कधी कधी नाकानं.

रात्री वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला बसलो,
पुरं झालं नाही, म्हणून तोंडानं सांगतो.

कुठंही शिरलीस, हॉटेलात, बाजारात, मेट्रोच्या भुयारात,
आधी दुसरं दार बघून ठेव.
आलो त्याच दाराकडं सगळी पळतात.
काचेजवळ बसू नको. उजेड चांगला असतो तिथं,
पण फुटलेली काच कुणाची ओळख ठेवत नाही.
बेवारस पिशवी दिसली
तर काय असंल आत, हा विचारही चालता चालता कर,
आणि लांब गेल्यावर कुणाला तरी सांग.
आवाज झाला तर बघायला जाऊ नको.
पहिल्या आवाजाला गर्दी जमते,
दुसरा आवाज त्या गर्दीसाठीच राखून ठेवलेला असतो.
वकिलातीचा नंबर कागदावरही लिही,
मोबाइल नेमके त्याच दिवशी मुके होतात.

तुम्हाला कसं माहीत, आप्पा?
हे तू विचारलं नाहीस.
आमच्या लेंगऱ्यात गलाईवाल्याला गावं विचारत नाहीत.
ती छातीत असतात, तेजाबाच्या धुरासारखी,
खोकला आला की कळतात.

एक शहर होतं. नाव राहू दे.
सराफ गल्लीच्या मागं माझी भट्टी, दोन मुशी, एक चिमटा.
त्या संध्याकाळी गल्ली हादरली.
मी मागच्या दारानं निघालो, म्हणून आज इथं उभा आहे.
पण खांद्याला पिशवी होती.
पिशवीत तेजाबाची बाटली, सोऱ्याची पुडी,
माझी बोटं काळी,
आणि त्यांच्या भाषेतले मला मोजून चाळीस शब्द यायचे,
त्यातले तीस सोन्याचे.
त्या पिशवीला मीही घाबरलो असतो.
लोकांनी धरलं. कुणीतरी दगड उचलला.
भ्यालेला माणूस कसोटी शोधत बसत नाही,
सापडंल त्याला फरशीवर घासून बघतो.

तेवढ्यात चौकातली चहावाली मधी आली.
तिचं नाव मला आजही माहीत नाही.
ती काय ओरडली ते मला मागनं कळलं.
'सोडा त्याला, हा बिनसाखरेवाला!
वर्षभर सकाळी सातला येतोय,
उधारी ठेवत नाही,
उठताना स्टूल आत सरकवतो.'

एवढ्यावर सुटलो.
पासपोर्ट त्यांनी नंतर बघितला.

तर वहीत उतरंना ते हे.
दारं बघ, काचा टाळ, पण माणसं टाळू नको.
कुणाच्या दाढीवरनं, टोपीवरनं कस लावू नको,
तिथं तुझाही रंग कुणाला तरी खटकंल.
एका दुकानात रोज जा. एकाच.
भाषा येऊ दे, न येऊ दे,
पाव घे, बोरं घे, काहीतरी घे.
एखाद दिवशी तू गेली नाहीस
तर कुणाचा तरी तराजूवरचा हात जरा थांबला पाहिजे.

लागली बघ गाडी. बॅग दे इकडं.

तू चढलीस, मधल्या बाकापर्यंत गेलीस,
आणि बसायच्या आधी मागं वळून
ती लाल अक्षरं वाचलीस,
संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
माझ्या घशात काहीतरी आलं, धूर म्हणून खोकलो.

खालनं आई ओरडली,
'खिडकीला बस की गं, मळमळतं तुला!'

मी काही बोललो नाही.