गिझर बंद ठेवायचे दिवस

शारजात जूनपासून सप्टेंबरपर्यंत
गार नळाला गरम पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि गार पाणी गरम नळातून घ्यायचं.
पाहुण्यांना हे दोनदा समजवावं लागे.
मला एकदाही नाही.
निळं म्हणजे तांबडं, तांबडं म्हणजे निळं:
इतकं सरळ मला तोवर
कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सात वर्षांची होईपर्यंत मी बोलले नाही.
ऐकत होते, सगळंच, एकाच उंचीवर:
एसीची गुरगुर, खालच्या बकाल्यातला फ्रीज,
बाबांच्या ओव्हरऑलची चेन, अजान,
आणि माझं नाव.
यातल्या कशाला वळून बघायचं
हे बाकीच्यांना कसं कळतं
ते मला अजून कळलेलं नाही.

थेरपीच्या रीमबाई भल्या होत्या.
मला शरफानी म्हणत.
शर्वाणी त्यांच्या जिभेवर बसत नसे
आणि त्यासाठी त्यांना कुणी कुठे पाठवत नसे.
त्या आईला म्हणाल्या, घरात एकच भाषा ठेवा,
इंग्रजी. मूल गोंधळतं.
त्या रात्रीपासून आई माझ्याशी
इस्त्री केलेलं बोलू लागली.
ॲपल. शूज. लुक ॲट मी.
प्रत्येक शब्दामागे एक हात पुढे केलेला,
वसुलीला आल्यासारखा.

मराठी तिने स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.
कुकरला म्हणे, "झालं का रे बाबा तुझं?"
मिक्सरला, "घसा बसलाय वाटतं."
न फुगलेल्या पोळीला, "रुसलीस? रूस."
आणि दुधावर वाकून, गॅस बारीक करत,
"थांब गं बाई, उतू जाऊ नकोस."
त्या भाषेला माझ्याकडून काही नको होतं.
ओट्याखाली, सिलिंडरशेजारी बसून
मी ती पोटभर ऐकली.

पहिले शब्द मात्र लिफ्टचे.
चौथा मजला. नातूर गुलझमीन
पाण्याची बाटली खांद्यावर घेऊन आत आला,
आणि लिफ्टच्या अर्धा श्वास आधी मी म्हणाले,
अल-बाब युग्लक.
दार बंद होत आहे.
तिच्याच सुरात, तिच्याच गारव्याने.
त्याने बाटली खाली ठेवली.
मग वर, खाली, वर, तीनदा
त्याने ती लिफ्ट फिरवली,
मला पुन्हा म्हणता यावं म्हणून.
बाटली कुणाची होती कोण जाणे.

आई म्हणाली, "आता आई म्हण."
मी म्हटलं, अल-बाब युग्लक.
बाबा म्हणाले, उच्चार माझ्यापेक्षा बरे आहेत.

महिन्याभराने मिरजेहून आत्याचा फोन.
"बोलते ना," आई म्हणाली, "अरबी बोलते,"
आणि दोघी हसल्या.
फोन ठेवून आई ओट्याला टेकून उभी राहिली.
तिच्या तोंडावर काहीतरी कडेकडेने वर येत होतं,
साय थरथरते तसं.
चेहरे मला वाचता येत नाहीत.
दूध येतं.
मी ओट्याखालून म्हटलं,
"थांब गं बाई, उतू जाऊ नकोस."

गेलीच ती उतू.

आता मी एकतीस वर्षांची.
फोन करण्याआधी अजून
वाक्यं कागदावर लिहून घेते,
समोरच्याचीसुद्धा.
तो कधीच त्याची वाक्यं बोलत नाही.

काल समोरच्या दारात नवी शेजारीण,
केसांना शाम्पू, डोक्याला टॉवेल:
गार पाणी येतं तरी कुठून हो इथे?
कागद हाताशी नव्हता.
सांगितलं.
तिला पटलं नाही.
पुन्हा सांगितलं.